न उमटलेला ठिपका

मित्रांनो, बोटाच्या पेराएवढी, पांढऱ्या कोटातली एक जुनी चुंबकी कांडी आहे मी. धाराशिवच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, चंबूच्या तळाशी गरागरा फिरून रसायनं ढवळायची, हे माझं काम. नवी होते तेव्हा माझ्या फिरण्याला तोड नव्हती. पुढं पॅलॅडियम नावाच्या महागड्या धातूच्या संगतीत वर्षानुवर्षं फिरून अंगावर काळे चरे पडले आणि माझी रवानगी खणात झाली.

तिथून मला बाहेर काढलं पीएच.डी. करणाऱ्या भूमच्या क्षमानं. बेंझिनसारख्या कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना जोडायच्या, तर सहसा असा धातू लागतोच. ही पोरगी म्हणायची, धातू नको. तीव्र अल्कली आणि चिमूटभर सेंद्रिय पूरक पदार्थ पुरे. दोघं मिळून पहिला इलेक्ट्रॉन देतात, मग कडीला कडी आपोआप जुळत जाते. चूल एकदा पेटली की पुन्हा काडी ओढावी लागत नाही, तसंच. मी तिला लाभते असं वाटून तिनं सगळे प्रयोग माझ्यावरच केले. मीही फुगून गेले होते.

प्रबंध द्यायला आठवडा उरला असताना तिचे मार्गदर्शक कल्याणप्पा सर आले. त्यांनी मला उजेडात धरलं.

"क्षमा, हिच्या चऱ्यांत पॅलॅडियम असंल तर? जोडणी हिनंच केली असंल."

क्षमाचा चेहरा उतरला. "म्हणजे तीन वर्षं पाण्यात, सर?"

"तपासल्याबिगर कसं सांगावं?"

तिनं तीन चंबू मांडले, तिन्हींत जोडायची रसायनं आणि अल्कली सारखीच. पहिल्यात कोरी कांडी आणि पूरक पदार्थ. दुसऱ्यात नुसती कोरी कांडी. तिसऱ्यात पूरक पदार्थाशिवाय मी. माझ्या चंबूत जोडणी झाली, तर तिचा प्रबंध बुडाला. खरं सांगते, ज्या जोडण्या ढवळून जन्मभर शाबासकी मिळवली, तीच जोडणी आपल्या हातून होऊ नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तिन्ही चंबूंतले थेंब, मिश्रणातली रसायनं वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या पट्टीवर चढवले. दिव्याखाली जोडणीचा ठिपका एकट्या पहिल्या चंबूचा उमटला.

"तुझंच खरं हाय," सर म्हणाले. "लिही आता."

"लिहिते, सर. पण माझी चूकबी लिहिते. कांडी आधीच बदलायला पाहिजे हुती."

माझ्या हातून काहीच घडलं नव्हतं, आणि त्याचा मला कोण अभिमान वाटत होता.

आता मी बरणीत असते, 'जुनी, प्रयोगाला घेऊ नये' अशी चिठ्ठी लावून. थोडं वाईट वाटतं. पण मित्रांनो, जुनी साधनं घासूनपुसून जपा, आणि जीव जडला म्हणून त्यांना तपासायचं सोडू नका. क्षमानं मला तपासलं, म्हणून तर आज मी ताठ मानेनं सांगू शकते, ते काम तिचंच होतं.