मनगटापुरतं अंतर

धाकटीचं शहर किती लांब, हे थोरलीनं दादाला पहिल्यांदा विचारलं तेव्हा दोघी बहिणींच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. दिवस मोडतो, असं दादा म्हणाला होता. धाकटीनं शेजारच्या देशातल्या माणसाशी आपल्या मनानं लग्न केलं होतं. दादाचा त्याला नकार होता आणि दादाचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लोकर दादाची, दुकान दादाचं, वरची राहायची खोलीही त्याचीच. थोरलीचे फक्त हात. ती मागे बसून स्वेटर विणायची, तो पुढे बसून भाव सांगायचा.

यंदा धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. तिचं ऑपरेशन झालं होतं आणि ती सारखी थोरलीची आठवण काढत होती. गेलीस तर पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही, असं दादानं बजावलं. थोरलीनं सुया पिशवीत टाकल्या. तिकीट तिचं तिनंच काढलं. त्यावर निघायची आणि पोचायची वेळ अगदी लागून होती, पण तिकडची घड्याळंच वेगळी, त्या वेळांवर जाऊ नये, हे दादानं कधीच सांगून ठेवलं होतं. एवढं भांडूनसुद्धा तिनं त्याचाच शब्द खरा मानला. सवय म्हणतात ती हीच.

धाकटीच्या स्वेटरच्या बाह्या राहिल्या होत्या. दिवसभर विमानात बसून दुसरं करायचं काय? बाह्या होतील आणि भेटल्यावर आधी काय बोलायचं तेही ठरेल, असा तिचा बेत. एका बाहीची मनगटाची पट्टी विणून झाली, तेवढ्यात विमानातली मुलगी येऊन म्हणाली, आजी, पट्टा लावा, उतरतोय आपण. काहीतरी बिघडलं असणार, असं थोरलीला वाटलं. शेजारची बाई हसली. पाऊण तासाचा तर प्रवास, ती महिन्यातून दोनदा करायची.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दाढ काढायला गेली होती तेव्हा बाकावर याहून जास्त बसली होती ती! परत जायला घर नाही, याची खरं तर भीती वाटायला हवी होती. पण रागानं भीतीला जागाच ठेवली नाही.

बाहेर धाकटी चाकाच्या खुर्चीत बसून आली होती, केस पार पिकलेले. काय बोलायचं ते ठरलंच नव्हतं, म्हणून थोरलीनं सुईवरची पट्टी तिच्या मनगटाला लावून पाहिली. माप बरोबर होतं. मग दोघी पोटभर रडल्या.

तेवढ्यात दादाचा फोन आला. अजून निघाली नसशील तर घरी ये, मी काही मनात ठेवणार नाही, म्हणाला.

"पोचले मी," थोरली म्हणाली. "मनगटाची पट्टी विणून होईपर्यंत पोचले. तुला माहीत होतं ना, दादा?"

दादा पुन्हा तिकडच्या घड्याळांचं सांगू लागला.

"दुकान उघडं ठेव नाहीतर कुलूप घाल. माझे हात माझ्याजवळ आहेत. मनात येईल तेव्हा तिकडे येईन, आणि मनात येईल तेव्हा परत इकडे. जवळच तर आहे."