पायांना वाटेल तेवढी उंची

मित्रांनो, मी एक जुना उठावाचा नकाशा आहे. कागदाचा नव्हे, बुचाचा. माझी घडी होत नाही, मी खिशात मावत नाही, आणि मला भिंतीवर टांगले तर माझे डोंगर समोरच्या माणसाच्या नाकात शिरतात. म्हणून मी टेबलावर राहतो. मधली काही वर्षे टेबलावरही नव्हतो, पण ते पुढे येईलच.

माझे मूळ ओकच्या सालीत आहे. ही साल सोलून घेतली तरी झाड मरत नाही. ते नऊ वर्षे शांतपणे नवी साल धरते आणि पुन्हा सोलून घ्यायला तयार होते. अशा घराण्यातला असल्यामुळे थोडा चिवटपणा माझ्या अंगी आहे. बूच दाबले की दबते, पण आपला मूळचा आकार सहसा विसरत नाही. एवढे ध्यानात ठेवा.

मला घडवले ते जासिंतु यांनी. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराजवळच्या एका कारखान्यात ते बाटल्यांची बुचे कापत. शहराच्या वरच्या भागात त्यांचे घर होते आणि त्यातल्या सहा खोल्या त्यांची बायको पाहुण्यांना देई. रोज सकाळी मक्याच्या पावाचा तुकडा मोडताना प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारी, की हाताशी एकच दिवस आहे, तर काय काय पाहून होईल? जासिंतु कागदी नकाशा उघडत आणि वैतागत. कागदावर कॅथेड्रल आणि नदीकाठ यांच्यात बोटभर अंतर दिसे. ते बोट उभे आहे, हे कागद सांगत नसे.

मग त्यांनी कारखान्यातले पातळ तक्ते आणून मला रचायला घेतले. तुम्ही भूगोलात समोच्च रेषा शिकला असाल. नदीचे पाणी दहा मीटर चढले तर ते जिथे टेकेल ती पहिली रेषा, आणखी दहा मीटर चढले की दुसरी. जासिंतुंनी प्रत्येक रेषेबरहुकूम एक थर कापला आणि थरावर थर चिकटवत शहर उभे केले. मध्ये नदीची खोल खाच, अलीकडे आमचा काठ, पलीकडे मद्याच्या कोठारांचा काठ. पूल त्यांनी सार्डिन माशांच्या डब्याच्या पत्र्याचा केला. आमच्या पुलाला दोन मजले आहेत. खालचा पाण्याजवळून जातो आणि वरचा थेट डोंगरमाथ्याला डोंगरमाथा जोडतो. कागदावर ही एकच रेघ होते. माझ्यावर तसे होत नाही.

थर मात्र त्यांनी मुद्दाम दुप्पट जाड घेतले. बायकोने विचारले, आपले डोंगर एवढे मोठे कुठे आहेत?

"पायांना वाटतात तेवढे केलेत," जासिंतु म्हणाले.

आमच्याकडे एक रीत पडली. पाहुण्याने लाल दोऱ्याचे रीळ घ्यायचे, टोक आमच्या घरावरच्या टाचणीला बांधायचे आणि दिवसभर जिथे जायचे तिथून दोरा फिरवत आणायचा. दोरा थरांच्या कडा चढू लागला की जासिंतु हळूच पाहुण्याच्या बुटांकडे बघत. संध्याकाळी परतल्यावर ज्याचा दोरा त्याने स्वतःच्या हाताने गुंडाळायचा. दोरा गुंडाळला म्हणजे भेट संपली. कितीतरी लोकांनी माझ्यावरून हात फिरवला, माझे कौतुक केले. जासिंतुंच्या दोन मुली, झुलमिरा आणि धाकटी ग्रासिएत, माझ्या नदीत वाटाण्यांच्या होड्या सोडत. त्याबद्दल त्यांना मार बसे आणि मला वाटाण्याचा वास येई.

पुढे झुलमिरा कामासाठी फ्रान्सला गेली. लिओं शहरातल्या एका इमारतीची देखभाल करता करता तिचे केस तिथेच पांढरे झाले. ग्रासिएतने घर आणि पाहुणे सांभाळले. जासिंतु गेले. मग पाहुण्यांच्या हातात फोन आले आणि माझ्याभोवती कोणी वाकेनासे झाले. टेबल न्याहारीच्या थाळ्यांना हवे होते. मला जिन्याखाली सरकवले आणि माझ्यावर वाइनच्या बाटल्यांची खोकी रचली. एक खोके आमच्या काठाच्या कड्यावर, एक पलीकडच्या डोंगरावर. मित्रांनो, वजनापेक्षा अंधाराचा त्रास अधिक होतो.

जिन्याखाली राहून पावले मात्र ओळखता येतात. काही वर्षांपूर्वी झुलमिरा एका दिवसासाठी आली होती. त्या दिवशी ती जिना उतरली तेव्हा पाऊल मुलीसारखे होते. संध्याकाळी चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते. वरच्या बोलण्यातून मला सगळे कळले. नदीकाठी जेवण झाले होते. तिथून पुलाच्या वरच्या मजल्यापलीकडच्या बागेत जायचे होते, कारण तिथून सूर्य मावळताना सारे शहर समोर दिसते. फोन म्हणत होता की बाग जवळच आहे. रुळांवरून दोराने ओढत कडा चढून नेणाऱ्या दोरगाडीपुढे परदेशी लोकांची लांब रांग होती. ग्रासिएत म्हणाली, त्या गाडीत पर्यटक बसतात, आपण नाही. पायऱ्या काय, इथंच तर आहेत. आमच्या गावात कोणी 'इथंच' म्हणाले की पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. अर्ध्या पायऱ्यांवर झुलमिराला धाप लागली. ती तिथेच बसली, पुलाच्या वरच्या मजल्यावरून जाणारी मेट्रो डोक्यावर ऐकत राहिली आणि बाग न पाहता परतली.

"इथं मी आता पाहुणीच," ती जाताना म्हणाली. "गावानं जिन्यावरूनच परत पाठवलं."

त्यानंतर ती आली नाही. निवृत्त झाली तरी लिओंमध्येच राहिली. ग्रासिएतने मात्र तळमजल्यावरची खोली पाहुण्यांना देणे बंद केले. ऐन ऑगस्टमध्ये लोक दारातून परत जात, तरी ती खोली बंद. का, म्हणून विचारले की म्हणे, तिथे ओल आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये झुलमिराचा फोन आला. तिच्या चर्चमधली मंडळी बसने फातिमा या तीर्थक्षेत्राच्या यात्रेला निघाली होती. वाटेत एक दिवस आणि एक रात्र पोर्तोत मुक्काम होता. बहिणीकडे राहते म्हणाली, फिरणे-बिरणे नको. ग्रासिएतने फोन ठेवला आणि आपल्या नातीला, बेनेदिताला, हाक मारली. बेनेदिता विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकते आणि सुट्टीत आजीला मदत करते. मागच्या खेपेला फोन हातात धरून पुढे चालणारी मुलगी तीच होती, आणि ते ती विसरली नव्हती.

ग्रासिएतने दिवस आखला. सकाळी कड्यावरचा धुण्याचा हौद, जिथे त्यांची आई चादरी धुवायची. मग नदीकाठी सार्डिन. मग घंटांचा उंच टॉवर, कॅथेड्रल, समोरच्या काठावरची मद्याची कोठारे, आणि संध्याकाळी ती बाग.

"आजी, तू मावशीआजीला फिरवायला नेतेस की वर पोचवायला?" बेनेदिता म्हणाली.

"सगळं इथल्या इथं आहे. थांब, बाबांचा नकाशाच दाखवते तुला."

खोकी हलली. उजेड आला. ग्रासिएतने मला टेबलावर ठेवले, झग्याच्या आख्ख्या बाहीने पुसले आणि बोट ठेवून म्हणाली, "बघ. सपाटच तर आहे."

मित्रांनो, ती खरे बोलत होती. वर्षानुवर्षांच्या ओझ्याखाली माझा कडा चेपून गेला होता. पलीकडचा डोंगर बसला होता. ज्या उतारासाठी माझा जन्म झाला तोच माझ्यावर उरला नव्हता, आणि मला ओरडून सांगता येत नव्हते. आजी जिंकली होती आणि साक्षीदार मी होतो.

बेनेदिता बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग तिने माझ्या कडेने थर मोजले. कडेला जितके थर होते त्या मानाने कडा आणि डोंगर फारच खाली होते. तिने कड्यावर नख फिरवले. तिला बाटल्यांच्या बुडांचे गोल ठसे लागले.

"हा सपाट नाही, आजी. हा दबलाय."

तिने किटली चढवली. बुचात बारीक बारीक हवेच्या कोठड्या असतात. त्या चुरगळतात, पण फुटत नाहीत, आणि गरम वाफ मिळाली की पुन्हा फुगतात. ती किटलीची तोटी माझ्यावरून फिरवत राहिली, मध्ये थांबून निववत राहिली. ग्रासिएत आधी म्हणाली की बाबांच्या वस्तूचा चहा करतेस का. मग ती खुर्ची ओढून जवळ बसली. सूप खाली लागले तरी उठली नाही. माझा कडा हळूहळू वर येत होता. सगळा आला नाही. एका गोल ठशाची खूण अजून आहे. पण पायांना वाटेल एवढी उंची आली.

मग बेनेदिताने लाल दोरा ग्रासिएतच्या हातात दिला आणि तिला तिचाच दिवस फिरवून दाखवायला सांगितले. दोरा कडा उतरला, चढला, पुन्हा उतरला, पूल ओलांडून परत चढला. टॉवरपाशी ग्रासिएतचा हात थांबला. तिने खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. ती स्वतः नदीकाठी शेवटची कधी गेली होती, हे कोणी विचारले नाही, ते बरे झाले.

पुढचे दोघींनी मिळून केले. टॉवर आणि कोठारे सोडली. दोरा शक्यतो एकाच थरावरून न्यायचा, मग वळसा पडला तरी चालेल, असे ठरले. घरापासून हौदापर्यंतचा बेताचा उतार. तिथून कड्याच्या कडेकडेने दोरगाडी. तिनेच खाली जायचे आणि जेवून तिनेच वर यायचे. ही गाडी माझ्या जन्मानंतर पुष्कळ वर्षांनी सुरू झाली, म्हणून ती माझ्यावर नव्हती. बेनेदिताने आगकाडी चिकटवून ती लावली. या वयात नवा अवयव मिळाल्यावर कसे वाटते, ते तुम्हाला सांगता येणार नाही. मग कॅथेड्रल, आणि तिथून पुलाच्या वरच्या मजल्यावरून सरळ बाग.

"दोरगाडीच्या रांगेत मी उभी राहणार नाही," ग्रासिएत म्हणाली. "जन्म गेला इथं."

"मग मावशीआजी पुन्हा पायरीवर बसेल."

ग्रासिएत खाली लागलेल्या सुपाचे भांडे घासायला उठली. कबूल मात्र झाली नाही.

झुलमिरा आली. काठी होती, हसू कमी होते. मला टेबलावर पाहून ती थबकली. तिने वाकून माझ्या नदीचा वास घेतला आणि म्हणाली, "वाटाणे गेले." मग तिघी बाहेर पडल्या आणि मी लाल दोऱ्याबरोबर घरी राहिलो.

त्या दिवशी ऊन कडक होते. मी मनाने थराथराने चाललो. आता हौद झाला असेल. आता सार्डिन. दुपारनंतर माझी सगळी चिंता त्या आगकाडीपाशी अडली. रांग लांब असेल. बाजूलाच पायऱ्या असतील. आणि ग्रासिएतच्या जिभेवर तो 'इथंच' शब्द असेल. सूर्य खिडकीतून गेला, दिवे लागले, तरी कोणी आले नाही. मागच्या वेळी त्या उजेड असतानाच परतल्या होत्या. उशीर हे चांगले लक्षण की वाईट, ते मला ठरवता येईना.

मग जिना वाजला. काठी, पाऊल, पाऊल. काठी, पाऊल, पाऊल. मध्ये कुठेही थांबले नाही.

तिघी एकदम बोलत होत्या. हौदावर अजून बायका सतरंज्या धूत होत्या. झुलमिराने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, तर एक बाई म्हणाली, धुणं नसेल तर हात काढा, पाणी गढूळ होतं. अगदी आईच्या आवाजात बोलली म्हणे. दुपारी दोरगाडीची रांग कोपरा वळून गेली होती. ग्रासिएतने पायऱ्यांकडे पाहिले, तोंड उघडले, मिटले आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पुढच्या एका परदेशी माणसाने दोघींना विचारले, तुम्ही कुठून आलात?

"मी फ्रान्सहून," झुलमिरा म्हणाली, "आणि ही माझी वाटाडी. फार बोलते, पण स्वस्तात मिळाली."

बागेत त्या अंधार पडेपर्यंत बसल्या. सूर्य गेला, काठावरचे दिवे पाण्यात उतरले, तरी झुलमिरा उठेना. तिथे ती काय म्हणाली, ते त्यांनी मला सांगितले नाही. ते मला सांगण्यासारखे नसेलही.

सकाळी बस गाठायची होती. बेनेदिताने रीतीप्रमाणे रीळ झुलमिरापुढे धरले. झुलमिराने दोऱ्याचे टोक हातात घेतले, त्यावरून घरापासून बागेपर्यंत बोट फिरवले आणि पुन्हा घरापर्यंत आणले. मग तळमजल्यावरच्या बंद खोलीच्या दिशेने मान वळवली.

"ग्रासिएत, त्या खोलीत खरंच ओल आहे?"

ग्रासिएत भांड्यांत गुंतली होती. "उन्हाळ्यात नसते," ती पाठमोरीच म्हणाली.

"आणि हिवाळ्यात?"

"शेगडी ठेवली तर हिवाळ्यातही नसते."

झुलमिराने रीळ बेनेदिताच्या हातात परत दिले. "दोरा राहू दे," ती म्हणाली. "अजून गुंडाळायची वेळ झाली नाही."

मित्रांनो, दोरा अजून माझ्यावर आहे. आता बाहेर धुके असते. बेनेदिता माझी धूळ झटकते ती दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी, तो न हलवता. खालच्या खोलीला पिवळा रंग दिला आहे आणि लिओंहून एक जड ट्रंक झुलमिराच्या आधीच येऊन पोहोचली आहे. ट्रंक ठेवायला जागा शोधताना कोणीतरी सहज माझ्याकडे पाहिले, तर ग्रासिएत म्हणाली की त्याच्यावर काही ठेवायचे नाही.

माझे तुमच्याकडे मागणे फार मोठे नाही. तुमच्या घरी कोणी एका दिवसासाठी येणार असेल आणि तुम्ही त्याला तुमचे गाव दाखवायला निघाला असाल, तर आधी त्याच्या पायांना विचारा. अंतर तुमच्या सवयीने मोजू नका. आणि जिन्याखाली, माळ्यावर, खोक्यांच्या आड माझ्यासारखे कोणी पडले असेल, तर त्याच्यावरचे वजन एकदा उतरवून पाहा. तो सपाट झाला आहे, असे लगेच ठरवू नका. तो नुसता दबलेलाही असू शकतो.