मालिनेओची घोंगडी आणि अकरा मासे

मी एक जुनी लोकरीची घोंगडी आहे. रंग विटकरी, अंगावर चार काळ्या पट्ट्या. मित्रांनो, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या आमच्या डोंगराळ लेसोथो देशात घोंगडी पांघरताना पट्ट्या उभ्याच ठेवतात. उभी पट्टी म्हणजे वाढ. आडवी घेतलीत, तर माणूस खुंटलाच म्हणून समजा!

मालिनेओच्या लग्नात सासरच्यांनी मला तिच्या खांद्यांवर घातलं. "काय लोकर आहे गं!" म्हणत बायका मला चिमटीत धरून बघत होत्या. मी नुसती फुगले होते. पण त्यानंतर पेटी! लग्न, मयत, नाताळ, तेवढ्यापुरती बाहेर. उरलेलं वर्ष डांबरगोळ्यांच्या संगतीत. एवढं जपूनही एका कोपऱ्याला कसर लागलीच.

मालिनेओचा नवरा मोएकेत्सी बावीस वर्षं परमुलखात सोन्याच्या खाणीत होता. धुळीनं भरलेली छाती घेऊन तो परतला आणि हळूहळू बोलेनासा झाला. चार-चार दिवस 'हं'च्या पुढे शब्द नाही. मग त्यांच्या मुलीनं, लिनेओनं, काचेची टाकी आणि अकरा रंगीत मासे आणून दिले. आणि काय सांगू, म्हातारा बोलू लागला! पण बायकोशी नव्हे, माशांशी.

"माझ्याशी बोलायला तोंड दुखतं, आणि त्यांना मात्र 'जेवलात का?'" मालिनेओ फणकारायची. पण त्याचा आवाज घरात ऐकू येतो, यातच तिला आनंद होता.

यंदा जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, असा बर्फ पडला की विजेच्या तारा तुटल्या. सकाळी बघतात तो टाकीतला हिटर गार, हवेचे बुडबुडे बंद. ऊबदार पाण्यातले ते जीव तळाशी जाऊन पडले. मोएकेत्सी टाकीसमोर बसला, गप्प. ती गप्प बसण्याची तऱ्हा मालिनेओला ठाऊक होती. मासे गेले तर हा माणूस पुन्हा बोलणार नाही, हे तिनं ओळखलं. तिनं पेटी उघडली.

"अहो, उठा! स्टोव्हवर पाणी ठेवा."

"अगं, ती लग्नाची घोंगडी आहे."

"मग? लग्न तुमच्याशीच झालंय ना?"

गरम पाण्याच्या बाटल्या घट्ट झाकणं लावून टाकीत तरंगत सोडल्या. मग मला टाकीभोवती गुंडाळलं, पट्ट्या अर्थातच उभ्या. मी टाकीपेक्षा बरीच उंच.

"मधे दुमड," मोएकेत्सी म्हणाला.

"पट्टी मोडायची नाही. खुंटतील बिचारे."

"मासे आहेत ते!"

"मग मासे वाढत नाहीत वाटतं?"

झालं! माझा वरचा सगळा भाग टाकीच्या तोंडावर जाऊन बसला. मला तर केवढा अभिमान वाटत होता. तासाभरानं मोएकेत्सीनं कोपरा उचलला. मासे हलू लागले होते, पण सगळे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. ती धाप त्यानं लगेच ओळखली. छातीनं शिकवलेली विद्या ती.

"मालिनेओ, यांचा श्वास कोंडलाय!"

माझ्यामुळे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालिनेओनं मात्र क्षणभरही विचार केला नाही. पट्ट्यांसकट मला मधोमध दुमडलं आणि टाकीचं तोंड मोकळं केलं. "खुंटायचे तर खुंटोत, पण जगू देत!"

मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून मोएकेत्सीनं मगानं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतायला सुरुवात केली. त्याला धाप लागली की मग तिच्या हातात. ती बाटल्या बदलायला गेली की पुन्हा त्याच्या हातात. दिवसभर दुसरं करायचं काय? दोघं बोलू लागले.

"खाणीत इतकं उकडायचं," तो म्हणाला, "आणि वर येऊन गार वारा लागला की तू आठवायचीस."

"बावीस वर्षांत एका पत्रात लिहायला काय झालं होतं?"

"गावभर वाचून दाखवलं असतंस!"

"दाखवलं असतंच!" ती हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी वीज आली. दोन मासे गेले, नऊ जगले. माझ्यावर पाण्याचा मोठा डाग पडला, तो काही निघत नाही.

मित्रांनो, एक विनंती करते. चांगल्या वस्तू पेटीत घालून ठेवू नका, आणि चांगले शब्दही. कसर दोन्हींना लागते.

मी आता पेटीत जात नाही. दुपारी दोघांच्या गुडघ्यांवर पसरलेली असते. ते नऊ मासे काचेशी येऊन वाट बघत राहतात. पण म्हाताऱ्याला त्यांच्याशी बोलायला वेळ कुठे आहे!