परीक्षेआधीच्या गोळ्या

आईच्या गळ्यातली गाठ काढली तेव्हा गाठीबरोबर डाळीएवढ्या चार ग्रंथीही गेल्या. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. ते माझ्याकडे आलं, आणि मी ते डोळ्यांत तेल घालून करते अशी माझी समजूत होती. तिन्ही वेळा जेवणासोबत कॅल्शियमच्या गोळ्या, दोनदा व्हिटॅमिन डीची कॅप्सूल. कमी पडलं तर ओठांना मुंग्या, हाताला पेटके, फारच कमी पडलं तर झटके. जास्त झालं तर मूत्रपिंडं खराब. मधली वाट अरुंद, आणि त्या वाटेवरून मी आईला बखोट धरून चालवत होते.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकांपुढे माझा आवाज कधी चढत नाही, तो सगळा शिल्लक राहतो आणि घरी खर्च होतो. पहिल्या तपासणीत कॅल्शियम सात पूर्णांक एक आलं. हवं होतं आठच्या वर. मी आईवर ओरडले, मग रडले, मग आठ दिवस कामावरच गेले नाही. डॉक्टरीणबाईंनी एक खूण दाखवली होती. कानापुढे बोटाने टिचकी मारायची, कॅल्शियम कमी असेल तर ओठाचा कोपरा उडतो. ती टिचकी मी प्रत्येक जेवणाला मारू लागले.

"घास तरी गिळू दे," आई म्हणायची. "मी काय कलिंगड आहे, वाजवून बघायला?"

मग रिपोर्ट सुधारले. आईने चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, गल्लीत अजून तिला सगळे बाईच म्हणतात. म्हणून आठ पूर्णांक नऊ आल्यावर मी तिला म्हटलं, "शाब्बास, पास." पुढच्या वेळी नऊ पूर्णांक तीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडांवर उगाच ताण नको, आणि दोन्ही वेळा गोळ्या कमी केल्या. मी दुकानात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

एकीकडे आईने बटणांचे कपडे घालणं सोडलं. कप दोन्ही हातांनी धरू लागली. बोलता बोलता ओठ चावायची, टिचकीच्या वेळी तर दातांत धरूनच ठेवायची. विचारलं की म्हणायची, "वय झालं." मीही तेवढ्यावर गप्प बसायचे, कारण कागदावरचा आकडा चांगला होता. लोकांची नजर तपासून पोट भरणारी मी, मला समोरचं दिसलं नाही.

एका मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी घराची किल्ली शोधत होते आणि स्वयंपाकघरात नळ वाहत होता. बराच वेळ कोणी बंद करेना. आत गेले तर आईचा उजवा हात मनगटात वाकलेला, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत ओढलेला. श्वास घेताना घशातून घरघर येत होती.

"नळ बंद कर," ती कशीबशी म्हणाली. "पाणी वाया जातंय."

शेजारच्या सुतारकाकांनी गाडी काढली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवत तिथल्या डॉक्टरांनी सलाइनमधून हळूहळू कॅल्शियम द्यायला घेतलं. दुपारपर्यंत तिची बोटं सुटली. सकाळच्या रक्तातला आकडा होता सहा पूर्णांक तीन.

डॉक्टरीणबाई फाइल घेऊन आल्या. "तीन आठवड्यांपूर्वी नऊ पूर्णांक तीन. गोळ्या चुकल्या का?"

"एकही नाही," मी मधेच तोंड घातलं. "मी समोर उभी राहून देते."

त्या आईकडे बघत राहिल्या. आई छताकडे बघत होती.

"परीक्षेआधी दोन दिवस जास्त घेत होते," ती शेवटी म्हणाली.

"कुठली परीक्षा?"

"रक्ताची."

नाक्यावरच्या औषधवाल्याकडून तिने वेगळ्या गोळ्या आणि कॅप्सूल आणून कपाटात दडवल्या होत्या. तपासणीच्या आधीचे दोन दिवस दुप्पट मात्रा, एरवी ठरलेली. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे तो आकडा बघून मी तुमच्या गोळ्या दोनदा कमी केल्या."

"हो. आणि मग सांगायचं कसं? एक पायरी खोटी लिहिली की पुढच्या सगळ्या खोट्याच लिहाव्या लागतात."

त्या बाहेर गेल्यावर माझा आवाज चढलाच. "जन्मभर कॉपी करणारी पोरं पकडलीस, आणि स्वतः काय केलंस? मेली असतीस तर?"

आई शांतपणे म्हणाली, "पहिला रिपोर्ट आला तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी. नापास मी झाले होते, पण जीव तुझा चालला होता. तसं तोंड मला परत बघवलं नसतं."

आपलेच दात, आपलेच ओठ. औषध माझ्या हातून वेळेवर जात होतं, आणि माझ्याच धाकाने ती सहा पूर्णांक तीनपर्यंत आली होती. त्या लाजेने मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, मग कळलं की तोंड लपवून काही उपयोग नाही.

चार दिवसांनी तिला घरी आणलं. मात्रा पुन्हा वाढवली होती. तपासणी आठवड्यातून दोनदा. मुंग्या आल्या तर एक जादा गोळी, आणि लगेच फोन. पहिला रिपोर्ट सात पूर्णांक सहा आला. मी कागद वाचत होते आणि आई मला वाचत होती. "कमी आहे," मी म्हटलं, "पण खरा आहे." टिचक्या मी बंद केल्या, तरी दुकानात दर अर्ध्या तासाने फोनकडे हात जायचा. ती आता तरी सांगेल का, हेच मला कळत नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईही ते सांगू शकत नव्हत्या.

त्यानंतरच्या आठवड्यात एका आजोबांच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होते, तेव्हा फोन वाजला.

"ओठांना मुंग्या येतायत," आई म्हणाली. "मघापासून."

वर्षभरात पहिल्यांदा तिने आपणहून सांगितलं होतं. 'काही नाही होत' असं जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं.

"आई, मला खूप भीती वाटतेय."

"मलाही," ती म्हणाली. "गोळी घेतलीये. तू ये."