ओकुदाबाईंच्या पीचची फांदी

माझी आई फुलं चोरते. आधीच सांगून टाकतो.

नाशिकला आमच्या कॉलनीत सगळ्याच बायका चोरायच्या. सकाळी पिशवी घेऊन निघायचं, कंपाउंडच्या बाहेर आलेली जास्वंद, तगर तोडायची. देवाला वाहायची म्हटल्यावर त्याला चोरी कोण म्हणणार. आता आई अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला आहे, माझ्याकडे, सहा महिन्यांसाठी. सवय पण बरोबर आली.

मी कॉम्प्युटरच्या चिप्सच्या फॅक्टरीत आहे. बारा तासांची शिफ्ट. पहिला महिना आई खिडकीतून पार्किंग बघत बसायची आणि मी आलो की एकच वाक्य. "देवांग, तिकीट अलीकडचं करून दे ना."

मग तिला ओकुदाबाई भेटल्या.

मिसेस ओकुदा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहतात. जपानहून येऊन चाळीस वर्षं झाली, इंग्लिश चांगलं आहे. आईचं इंग्लिश म्हणजे गुड, कम, स्लोली. तरी दोघी रोज पावणेसातला फिरायला जायला लागल्या. काय बोलतात मला माहीत नाही. पण आई हसत घरी यायची. तिकिटाचं नाव बंद झालं. या अख्ख्या गावात तिची तेवढी एक मैत्रीण.

फेब्रुवारीच्या शेवटी मी कचऱ्याचा डबा बाहेर काढत होतो, तर ओकुदाबाईंनी हाक मारली. चेहरा उतरलेला.

म्हणाल्या, तीन मार्चला मुलींचा सण असतो. घरात बाहुल्या मांडतात आणि बाजूला पीचच्या फुलांची फांदी ठेवतात. पीचचं झाड वाईट गोष्टी लांब ठेवतं, असं आमच्याकडे फार जुन्या काळापासून मानतात. म्हणून मुलीसाठी पीचच. यंदा त्यांच्या नातीचा पहिला सण होता, टूसॉनहून लेक तिला घेऊन येणार होती.

"थंडीच पडली नाही या वर्षी," त्या म्हणाल्या. "झाड धड फुललंच नाही. जी फुलं आली ती लवकर गळली. मागच्या भिंतीवरून एक फांदी बाहेर गेलीये, ती सावलीत असते, तिच्यावरच्या कळ्या तेवढ्या उशिरा आल्या. मी रोज मोजते. परवा एकोणीस होत्या. आज सात. पक्षी असतील का?"

मी अर्ध्या तासापूर्वी आमच्या देवांपुढे गुलाबी कळ्या बघितल्या होत्या. गणपतीच्या पायाशी, बाळकृष्णाच्या डोक्यावर.

"पक्षीच असतील," मी म्हणालो.

आईलाही काही बोललो नाही. म्हटलं, चार दिवसांत सण होऊन जाईल, विषय मिटेल.

दुसऱ्या दिवशी आई रिकाम्या हाताने घरी आली. "अरे, मागच्या गल्लीतल्या त्या झाडाला कुणीतरी जाळी बांधलीये. फुलांना जाळी! काय कंजूष माणसं असतात एकेक."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई स्टुलावर चढून पक्ष्यांसाठी जाळी बांधत बसली, माझ्यामुळे.

"आई, ते झाड ओकुदाबाईंचं आहे."

"काहीतरीच. त्यांचं घर कोपऱ्यावर आहे."

"मागून तेच घर येतं. इथे सगळ्या भिंती एकाच रंगाच्या आहेत, तुला कळलं नाही."

मग मी सगळं सांगितलं. नात, बाहुल्या, एकोणीस कळ्या. आई खुर्चीवर बसली.

"आणि तू पक्षी म्हणालास?"

"तुला वाचवायला!"

"मला विचारलंस?"

"आणि दुसऱ्या कुणाचं झाड असतं तर तोडली असतीस ना?"

"असती," आई म्हणाली. "मैत्रिणीची नसती तोडली."

तशीच उठली. पूजा राहिली होती, चहा राहिला होता. "चल. मी बोलते, तू इंग्लिशमधे सांग. जसंच्या तसं."

ओकुदाबाईंनी दार उघडलं. आई म्हणाली, "तुमच्या कळ्या मी तोडल्या. देवासाठी तोडल्या, पण न विचारता तोडल्या. माझं चुकलं."

आणि मी काय सांगितलं? मी सांगितलं, तुमच्या कळ्या गेल्याचं आईला फार वाईट वाटलं, हे पक्षी फार त्रास देतात. का ते मला आजही कळत नाही. तोंडातून तेच आलं.

'बर्ड्स' आईला कळतं. तिने माझ्या दंडावर फटका मारला. मग ओकुदाबाईंकडे वळून स्वतःच्या छातीवर हात ठेवला, हवेतली एक कळी तोडली, डाव्या हातात टाकली. आणखी एक. आणखी एक. मग हात जोडले, डोळे मिटले.

ओकुदाबाईंना कळलं. मग मला म्हणाल्या, "विचारलं असतं तर मी देवासाठी दुसऱ्या फांदीची पानं तरी दिली असती." आणि दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला आई कोपऱ्यावर उभी राहिली. त्या आल्या नाहीत. नंतरही नाहीत. तीन तारखेला त्यांच्या दारात लेकीची गाडी दिसली. आई आत गेली नाही, मीही नाही. रात्री जेवताना ती म्हणाली, "तिकीट बघ रे अलीकडचं."

चार तारखेला माझी सुट्टी होती. नऊ वाजता बेल वाजली. ओकुदाबाई.

"सण झाला की बाहुल्या लगेच आवराव्या लागतात," त्या म्हणाल्या. "नाहीतर मुलीचं लग्न लांबतं म्हणतात. माझा विश्वास नाही. पण ठेवायच्या कशाला? लेक काल रात्रीच गेली. माझी बोटं दुखतात." मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "बारा कळ्या तोडल्या आणि फांदीची एक काडी मोडली नाही. सालसुद्धा निघाली नाही. तो हात मला आज हवाय. विचार तिला."

मी मराठीत सांगेपर्यंत आईने चपला घातल्या होत्या. रस्त्यात तिने मला एवढंच विचारलं, की 'घेऊ का'ला इंग्लिशमधे काय म्हणतात.

हॉलमधे लाल कापड घातलेल्या पायऱ्या होत्या, त्यावर पंधरा बाहुल्या. सगळ्यात वर राजा-राणी. बाजूला उंच फुलदाणीत ती फांदी. सातही कळ्या उमललेल्या. आई फांदीपासून चांगली हातभर लांब उभी राहिली.

प्रत्येक बाहुलीचा चेहरा मऊ कागदाने झाकायचा, मग अंगाला कागद, मग खोका. आईने पहिल्या बाहुलीकडे बोट केलं. "मे आय?"

"येस."

दुसरी. "मे आय?"

"येस, येस."

पाचव्या बाहुलीला ओकुदाबाई वैतागल्या. आईला त्या जपानी पद्धतीने नावापुढे 'सान' लावून हाक मारतात, आपण 'बाई' लावतो तसं. "लतिका-सान, विचारू नका. उचला!"

आई मला म्हणाली, "त्यांना सांग, मला सवय लावून घ्यायचीये. हे मात्र नीट सांग."

या वेळी मी नीट सांगितलं. ओकुदाबाईंनी चष्मा वर केला, आईकडे बघितलं, खोका पुढे सरकवला आणि थांबून राहिल्या.

"मे आय?" आई म्हणाली.

"येस."

असं पंधराव्या बाहुलीपर्यंत चाललं.