गुरुवारचं ऊन

बायको गेली आणि घरात आम्ही दोघं उरलो, मी आणि माझ्या सासूबाई. आमचं एकमेकांशी तसं कधीच काही काम पडलं नव्हतं. तीस वर्षं आम्ही हिच्यामार्फत बोललो. "तुझ्या आईला सांग, टीव्हीचा आवाज कमी करा." "तुझ्या नवऱ्याला सांग, कानात बोळे घाला." तिघंही एकाच खोलीत.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी त्यावर दात बसवून परत करतो. बाहेरच्या खोलीत टेबल आहे, तोच कारखाना. सासूबाईंची कवळीही माझ्याच हातची. सासू-जावयाचं कसं जमतं असं कोणी विचारलं की मी सांगायचो, मीच बनवलेल्या दातांनी मला खातात, आणखी काय जमायला हवं. ही हसायची. दुसरं कोणी हसल्याचं आठवत नाही.

हिला जाऊन चार महिने झाले तरी माझं काम सुरू होईना. साचे टेबलावर आ वासून पडलेले. डॉक्टरांचे फोन यायचे, मी उचलायचो नाही. सकाळी जाग आली की उठायचं कशाला ते कळायचं नाही, मग पडून राहायचो. पलीकडच्या खोलीत सासूबाई तशाच. कवळी ग्लासात आणि त्या गादीवर. एकदा मी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरलो. पातेलं जळलं, घरभर धूर झाला, शेजाऱ्यांनी दार बडवलं. ती बातमी मेहुण्यापर्यंत पोचली.

मेहुणा दुसऱ्या गावी असतो. पाठदुखीसाठी निसर्गोपचाराच्या शिबिरात राहून आला, तेव्हापासून त्याच्याकडे सगळ्यावर उपाय आहे. पाठ अजून दुखते, पण आता तो हसतमुखाने दुखवून घेतो. रविवारी त्याचा फोन आला.

"भावोजी, तुम्हाला नैराश्य आलंय."

"मला वाटलं, बायको गेली म्हणून वाईट वाटतंय."

"त्याच्या पुढचं आहे हे. पण गोळ्याबिळ्यांच्या नादी लागू नका. निसर्गात सगळं आहे. सकाळचं ऊन, रोजचं चालणं, अक्रोड, दीर्घ श्वास."

"तुझ्या बहिणीचा आजारही निसर्गातूनच आला होता रे. कारखान्यात नव्हता बनवला."

त्याने फोनवरच एक दीर्घ श्वास घेतला. मग म्हणाला, "हा आठवडा बघतो. रोज दोघांनी बाहेर चालायचं आणि मला फोटो पाठवायचा. नाही जमलं तर आईला मी घेऊन जाणार. त्या पातेल्याच्या जागी ती असती तर?"

ते खरं होतं.

सासूबाई गेल्या तर माझ्या डोक्याचा ताप जाईल, असं मी हिला कित्येक वर्षं ऐकवत आलो होतो. आता त्या खरंच जातील म्हटल्यावर ते नको झालं. हिला 'चिमणे' म्हणणारं जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी कवळी बसवली. त्या दिवसांत त्या ती फक्त भांडायला बसवायच्या.

"त्याच्याकडे मी जायची नाही. तिथे उठल्याउठल्या गवताचा रस देतात. मी म्हैस आहे का?"

"मग रोज चालावं लागेल."

"रोज? तुमच्याबरोबर?"

मलाही अगदी तसंच वाटत होतं. मग त्याच म्हणाल्या, "सगळे फोटो एकाच दिवशी काढले तर? कपडे बदलून?"

बाई भांडकुदळ आहे, पण डोकं चालतं.

सोमवारी आम्ही पिशवीत माझे शर्ट, त्यांच्या शाली आणि स्वेटर भरून निघालो. त्यात एक गोम होती, ती घरी बसून लक्षात आली नव्हती. वार वेगळा दाखवायचा तर जागाही वेगळी हवी. सोमवार पुलावर झाला, मंगळवार पोस्टासमोर, बुधवार शाळेच्या भिंतीशी. फोटो काढून द्यायला दर वेळी कोणाला तरी पकडायचं, त्यालाही आदल्या वाराचे कपडे दिसता कामा नयेत. बागेत पोचेपर्यंत माझ्या पिंढऱ्या भरून आल्या होत्या. मी झाडामागे शर्ट काढत होतो, तेवढ्यात रखवालदार आला.

"काय चाललंय काका?"

"बुधवार काढून गुरुवार घालतोय."

त्याने सासूबाईंकडे बघितलं. "ह्यांना घरी न्या," तो त्यांना म्हणाला. त्या म्हणाल्या, "नेते. पण अजून शुक्रवार, शनिवार राहिलेत."

शनिवार उरकल्यावर आम्ही बाजारातल्या टपरीवर अंडं आणि पाव खाल्ला. सासूबाईंनी आपली बशी संपवली आणि माझ्या बशीकडे बघत बसल्या. मी ती सरकवली. घरी आलो तेव्हा चपला पायातून निघत नव्हत्या. आठवड्याचं चालून झालं, आता आठवडाभर लोळायला मोकळे.

मी रोज सकाळी पडल्यापडल्या एकेक फोटो पाठवत गेलो. मेहुणा खूश. मंगळवारच्या फोटोवर त्याने लिहिलं, 'भावोजी, चेहऱ्यावर तेज आलंय.' ते तेज नव्हतं. सासूबाईंनी नेमका तेव्हा माझ्या पायावर पाय दिला होता.

गुरुवारी बागेतला फोटो पाठवला. लख्ख ऊन, सासूबाई डोळ्यांवर हात धरून उभ्या. लगेच फोन वाजला.

"हा आजचा का?"

"आत्ताचाच. छान ऊन पडलंय."

"भावोजी, जरा खिडकीचा पडदा उघडा."

"कशाला?"

"उघडा तर."

मी पडदा सरकवला. बाहेर धो धो पाऊस पडत होता. रस्त्याची नदी झालेली. तळमजल्यावरचा शिंपी गुडघाभर पाण्यातून कापडाचे गठ्ठे जिन्यावर चढवत होता आणि सगळ्या आळीला शिव्या घालत होता.

"पहाटेपासून टीव्हीवर तुमच्याच गावचं पाणी दाखवतायत," मेहुणा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या, "कधीपासून पडतोय?"

मला सांगता येईना. पडदा शेवटचा कधी उघडला होता, तेही सांगता येईना. पत्र्यावर वाजत असणार, पन्हळीतून कोसळत असणार, शिंपी ओरडत असणार. घरात दोन माणसं, धडधाकट कानांची, आणि दोघांनाही पत्ता नाही. पातेलं जळालं तेव्हा मी घाबरलो नव्हतो. आता घाबरलो.

शनिवारी मेहुणा आला तो मोठी रिकामी बॅग घेऊन. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. केला नाही. बॅग उघडून खाली ठेवली आणि म्हणाला, "आई, कपडे भर."

मी दोन दिवस भांडणाची तयारी केली होती. तोंडातून वेगळंच निघालं. "घेऊन जा. मी ठीक नाही. सकाळी उठवत नाही मला. बाहेर पूर आला तरी कळत नाही. उद्या ह्यांना काही झालं तर तेही कळायचं नाही."

मेहुण्याने मान खाली घातली. सासूबाईंनी कवळी बसवली.

"मला कोणी विचारलं का? मी काय पातेलं आहे, कुठल्या गॅसवर ठेवायचं ते तुम्ही ठरवणार?"

"आई, तुम्ही दोघांनी खोटे फोटो..."

"वार खोटे होते. पाय खरेच सुजले. आणि त्या दिवशी मी दोन बशा खाल्ल्या, विचार ह्यांना. बहीण गेल्यापासून तू किती वेळा आलास इथे? घरबसल्या फोटो मागवतोस."

मेहुण्याने बॅगेची चेन ओढून लावली. मग म्हणाला, "मला इथे येववत नाही. दार उघडलं की वाटतं, तीच येईल पुढे."

सासूबाईंनी बॅग पायाने बाजूला सारली. म्हणाल्या, "ह्यांना डॉक्टरकडे न्यायचं. मी इथेच राहणार. पण मी डॉक्टर नाही."

"गोळ्या देतील, आई."

"देऊ देत. तुझ्या अक्रोडावर घेतील."

सोमवारी तिघंही गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, झोप कशी लागते. "घोरतात," सासूबाई म्हणाल्या. भूक? "माझ्या बशीत बघतात." खरं तर बघत होत्या त्या. बाईंनी मला एक गोळी लिहून दिली, दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावलं, आणि रोज सकाळी उजेडात चालायला सांगितलं. चालायचं ऐकल्यावर मेहुणा कोर्टात खटला जिंकल्यासारखा बसला. "गोळीसुद्धा घ्यायची आहे," बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या.

मग त्या वळल्या. "आणि तुमचं काय, आजी?"

सासूबाई लगेच काहीतरी फटकारतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी माझा रुमाल मागून घेतला. तोंड पुसलं. म्हणाल्या, "माझं लेकरू गेलं. मला काय होणार?" बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितलं.

संध्याकाळी मेहुण्याला सोडायला आम्ही चालत स्टँडवर गेलो. बॅग रिकामीच होती, तरी बसमध्ये त्याने ती मांडीवर घट्ट धरली होती. खिडकीतून तो काहीतरी सांगत होता, बहुतेक श्वासाचंच. बस सुटली तसं त्याने तोंड आत वळवलं, आणि त्याचे खांदे हलताना आम्हा दोघांनाही दिसले.

"ह्यालाही दाखवायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"रविवारी येतोय परत. तेव्हा बघू."

"बघू काय? धरून न्यायचं."