कपाटाची आतली बाजू

संगणकावर खोल्या सजवून देणाऱ्या एका कंपनीत ती चित्रांतल्या फर्निचरचं लाकूड करायची. सहकारी तिला सुतारीणबाई म्हणत, आणि त्यात थट्टा निम्मीच होती. तिचे वडील खरेच सुतार. हात थरथरायला लागल्यापासून ते लेकीकडेच राहत आणि तिच्या पडद्यावरच्या फर्निचरला नावं ठेवत. सगळं कालच जन्माला आल्यासारखं दिसतंय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

म्हणून नव्या गिऱ्हाइकाच्या कामासाठी ती जुन्या लाकडाच्या वखारीत गेली. तिथे एका मोडक्या सागवानी कपाटाच्या दाराचे फोटो काढले आणि घरी बसून ते चित्रातल्या झोपायच्या खोलीतल्या कपाटावर चढवले. लाकूड असं काही उतरलं की हात फिरवावासा वाटावा.

वडील मात्र चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. ही दाराची आतली बाजू आहे, म्हणाले. खालच्या अंगाला बारीक ओरखडे होते. ते रंध्याचे नव्हेत, नखांचे.

तिने ते हसण्यावारी नेलं, फोटोतला एकेक ओरखडा पुसला आणि संगणकाकडून चित्र नव्याने काढून घेतलं. ओरखडे होतेच. जुनी फाइल लागली असेल म्हणून तपासलं, तर लाकडाचा फोटो स्वच्छ. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा दोन वाढले होते.

"जुना ओरखडा काळा पडतो," वडील हळू आवाजात म्हणाले. "हे पांढरे आहेत. आजचे."

तिने वखारवाल्याला फोन लावला. त्याला एवढंच ठाऊक होतं की कपाट कुलूपबंद आलं, किल्ली नव्हती म्हणून फोडलं. आत काहीच निघालं नाही.

मग वडील म्हणाले, "चित्रातलं दार उघडून ठेव, पोरी."

तिने दोन्ही दारं सताड उघडी केली. चित्र तयार व्हायला वीस मिनिटं लागली. तोवर चहालाही कुणी उठलं नाही. या वेळी लाकूड स्वच्छ आलं. तिचा जीव भांड्यात पडला आणि फार न बघता तिने ते पाठवून दिलं.

संध्याकाळी गिऱ्हाइकाचा निरोप आला. कपाट पसंत होतं. पण जास्त कौतुक पलंगाचं होतं: कडेला कुणी नुकतंच बसून उठल्यासारखी दबलेली गादी, किती खरी वाटते.

तिने चित्र मोठं करून पाहिलं. तिने सपाट ठेवलेली गादी दबलेली होती.

वडिलांनी विचारलं तेव्हा, आवडलं गिऱ्हाइकाला, एवढंच तिने सांगितलं.